अजमानचे सिनेटर

अमेरिकेत उभ्या जन्मात पाऊल न टाकता अमेरिका चालवणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच असेल, आणि तो अजमानमध्ये एका औषधाच्या दुकानावर चौथ्या मजल्यावर राहतो. ते माझे खालू. खालू म्हणजे माझ्या खालाचे, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीचे, यजमान. मूळचे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठच्या गावचे. पण गेली कितीएक वर्षं त्यांचा देह अजमानला, पगार दुबईला आणि जीव वॉशिंग्टनच्या त्या पांढऱ्या घुमटाखाली असतो. मी नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा स्वतःची जागा मिळेपर्यंत म्हणून त्यांच्याकडे उतरलो. ती जागा मी अजून शोधतोच आहे. न मिळण्याचं मुख्य कारण खालाच्या हातचं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं हे असलं, तरी दुसरं कारण खुद्द खालू आहेत. असा माणूस फुकट बघायला मिळत असताना भाडं भरून दुसरीकडे कोण जाईल?

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका खोक्यामुळे. खालू अल कुसैसला मालवाहतुकीच्या एका कंपनीत कागदपत्रांचं खातं सांभाळतात. त्यांच्या तरुणपणी वॉशिंग्टनला जायचं एक खोकं वॉशिंग्टनलाच गेलं, पण दुसऱ्या. म्हणजे राजधानीला जायचं ते पार पलीकडच्या समुद्राकाठी त्याच नावाचं जे राज्य आहे तिथे जाऊन पडलं. साहेबानं अख्ख्या ऑफिसला फैलावर घेतलं. बाकीच्यांनी खाली मान घालून ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले. खालूंना मात्र चैन पडेना. "एका देशात दोन वॉशिंग्टन ठेवायची परवानगी दिली कुणी?" ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला ते जे अमेरिकेच्या राज्यकारभारात शिरले ते आजतागायत बाहेर आलेले नाहीत. उत्तर त्यांना सापडलं. परवानगी तिथल्या काँग्रेसनंच दिली होती. त्या मुलखातल्या लोकांनी कोलंबिया हे नाव मागितलं होतं. पण राजधानीच्या जिल्ह्याचं नावही कोलंबियाच, उगाच लोकांचा घोळ होईल, म्हणून काँग्रेसनं पूर्ण विचार करून ते बदललं आणि वॉशिंग्टन ठेवलं. "घोळ टाळण्यासाठी!" असं म्हणून खालू स्वतःच्या मांडीवर अशी थाप मारतात की समोरच्या कपातला चहा हलतो. "जी सभा इतकं डोकं लावून इतकी चूक करू शकते, तिच्यावर माणसानं जीव नाही लावायचा तर कशावर लावायचा?"

आणि त्यांनी जीव लावला तो अगदी पुरता. मगरिबची नमाज झाली की आमच्याकडे टीव्हीवर वॉशिंग्टन सुरू होतं, कारण आपली संध्याकाळ झाली की तिथे सकाळचं कामकाज उघडतं. शेजारीपाजारी क्रिकेट बघतात, मालिका बघतात. खालू रिकामी सिनेट बघतात. रिकामी म्हणजे खरोखरच रिकामी. तिथे कोरम मोजायचा म्हणून एक कारकून सभासदांची नावं अशा संथ आवाजात घेत असतो की दोन नावांच्या मध्ये माणसाचं वजन वाढावं, सभागृहात चिटपाखरू नसतं, आणि वरून मंद वाजंत्री चालू असते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणी थोर माणूस वारला. "खालू, कोण गेलं?" असं मी हळूच विचारलं. "कुणी गेलं नाही. कुणी आलंच नाहीये," ते टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले. "कोरम कॉल चाललाय." खाला स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझ्याकडे रोज चालतो तो. जेवायला या, जेवायला या म्हणून घसा सुकतो, एक सभासद हलत नाही."

घराचा कारभारही त्यांनी त्याच वळणावर नेला होता. त्यांचं म्हणणं असं, की अमेरिकेत आधी राज्यं जन्मली आणि मग त्यांनी एकत्र बसून केंद्राला जन्म दिला. तेव्हा केंद्रानं काय काय करायचं हे त्यांनी नेमून दिलं, आणि जे नेमून दिलेलं नाही ते सगळं राज्यांकडे किंवा लोकांकडे ठेवलं. ह्या तत्त्वावर हॉलचा एसी केंद्राचा आणि सनाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, खोलीचा एसी राज्याचा. सना शारजाला कॉलेजात शिकते. जन्मली इथे, वाढली इथे, त्यामुळे मराठी तिला सगळी कळते पण तोंडातून इंग्रजी पडते. तिनं आपल्या राज्यात तापमान अठरावर नेलं, तेव्हा खालूंनी आठवडाभर ते सहन केलं. आठव्या दिवशी त्यांनी तिच्या दाराखालच्या फटीला हात लावून पाहिला आणि जाहीर केलं, की गार हवा राज्याची हद्द ओलांडून हॉलमध्ये येत आहे, सबब हा आता आंतरराज्य व्यापार झाला आणि त्यावर कायदा करायचा अधिकार केंद्राला आहे. "डॅड, इट्स अ डोअर!" सना ओरडली. "असंच सुरू होतं," खालू समाधानानं म्हणाले. "तिथेही अशाच फटीतून केंद्र आत शिरत गेलंय."

खालाकडे अर्थातच व्हेटो होता. तो उलटवायला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि सना ऐन वेळी आईच्या बाजूला जात असल्यामुळे त्या घराच्या इतिहासात एकही व्हेटो उलटलेला नाही. माझं काय, असं मी एकदा विचारलं. खालूंनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "बेटा, तू राजधानीचा जिल्हा. तुला सभागृहात बसता येईल, बोलता येईल, गाडी धुता येईल. शेवटचं मत मात्र देता येणार नाही. तिथल्या राजधानीच्या लोकांचंही असंच आहे, मनाला लावून घेऊ नको."

सकाळी आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून कुसैसला जातो, कारण माझंही ऑफिस तिकडेच. निघायचं अजमानमधून, मध्ये आख्खं शारजा, मग दुबई. रस्त्याचं नाव इत्तिहाद, म्हणजे संघ. त्या रस्त्यावर सकाळी गाड्या अशा चिकटून उभ्या असतात की शेजारच्याच्या रेडिओवरच्या बातम्या आपल्याला ऐकू येतात. सगळे हॉर्न वाजवतात, कपाळावर हात मारतात, खालू खुलतात. "बघ, संघाच्या रस्त्यावर संघ अडकलाय! एका तासात तीन राज्यं. शारजाला शुक्रवार धरून तीन दिवस सुट्टी, दुबईला दोन. इकडे टॅक्सीचा रंग वेगळा, तिकडे वेगळा. पण दिरहम एक, पासपोर्ट एक, लष्कर एक. तिथेही हेच. गाडीचं लायसन राज्याचं, लग्नाचा कायदा राज्याचा. आणि टपाल, नोटा, लढाई केंद्राची." मागच्यानं हॉर्न दिला की ते खिडकीतून हात बाहेर काढून म्हणतात, "सबर, हबीबी! मी अजून सिनेटपर्यंत आलो नाही."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते पिकनिकमुळे.

आमच्या तालुक्यातली एकवीस घरं इथे आहेत. दुबईत अकरा, शारजाला सात, अजमानला तीन. दर हिवाळ्यात सगळी मिळून एक दिवस कुठेतरी जातात. पातेल्यांतून कोलंबीची खिचडी येते, पोरं वाळूत लोळतात, पुरुष मंडळी रस्सीखेच करून दुसऱ्या दिवशी कंबर धरून ऑफिसला जातात. ह्या सगळ्याचे पुढारी इकबालभाई, कुसैसचे. इकबालभाई आणि खालू एकाच वर्षी ह्या देशात उतरले, एकाच खोलीत वरखालच्या खाटांवर झोपले, आणि तेव्हापासून रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना फोन करून आज डब्यात काय आहे ते सांगत आले. इकबालभाई मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. जागा तेच ठरवायचे, आणि मतं मोजली तर अकरा विरुद्ध दहा, त्यामुळे पिकनिक दरवर्षी दुबईतल्या एका बागेतच व्हायची. अजमानकरांनी पहाटे उठून पातेली घेऊन निघायचं, आणि कुसैसकरांनी दात घासत चालत यायचं, असं चाललं होतं. तक्रार सगळे करायचे, पण गाडीत बसल्यावर.

गेल्या वर्षी खालूंना राहवलं नाही. त्यांनी पिकनिकच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाकला. तो इतका लांब होता की बहुतेकांना तो चुकून रेकॉर्ड झालाय असं वाटलं. सार असं, की हाच प्रश्न अमेरिकेतही आला होता. मोठी राज्यं म्हणाली माणसं मोजा, छोटी म्हणाली राज्यं मोजा, आणि भांडण तुटेना. तेव्हा त्यांनी दोन सभागृहं केली. एकात माणसांच्या संख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला दोन, राज्य केवढंही असो. कायदा दोन्हीकडे मंजूर झाला तरच कायदा. तेव्हा आपणही एकवीस घरांचं एक हाऊस करू आणि तीन अमिरातींचे, म्हणजे इथल्या राज्यांचे, दोन दोन मिळून सहा जणांची सिनेट. इकबालभाई पोट धरधरून हसले. "कर बाबा कर, तुझी हौस होऊ दे," असं म्हणाले. लोकांनीही होकाराचे अंगठे टाकले. त्यातल्या निम्म्यांनी मेसेज ऐकलाच नव्हता.

मग व्हायचं तेच झालं. हाऊसनं अकरा विरुद्ध दहा मतांनी दुबईची बाग मंजूर केली. सिनेटनं चार विरुद्ध दोन मतांनी अजमानच्या पलीकडच्या उम्म अल कुवैनचा समुद्रकिनारा मंजूर केला. खालू हर्षानं घरभर फिरत होते. "बघ, अडलं! अगदी तिथल्यासारखं अडलं!" त्यांना विचारलं, आता पुढे काय, तर म्हणाले, दोन्हीकडचे थोडे थोडे लोक बसून समेट करतात. ती समिती एका कॅफेटेरियात करक चहा प्यायला बसली आणि अशी जागा शोधून परत आली, जी कुणालाच नको होती. दुबई आणि शारजाच्या हद्दीवर, हमरस्त्याला लागून, दोन बाकं आणि पाच झाडं असलेली एक हिरवळ. पण हिवाळा सरत चालला होता, हाऊसनं नाइलाजानं होकार दिला, आणि ठराव सिनेटकडे आला.

सिनेट भरली आमच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. अध्यक्षस्थानी सना, कारण तिला स्वतःचं मत नव्हतं. फक्त समसमान झालं तर तिनं द्यायचं. दुबईकडून इकबालभाई आणि त्यांचे एक शेजारी. शारजाकडून अल मजाजच्या एक शिक्षिकाबाई. दुसरे सभासद विमानतळावर ड्युटीला असल्यामुळे गैरहजर. अजमानकडून खालू आणि खाला. मी दाराशी, राजधानीचा जिल्हा म्हणून, भजी घेऊन उभा. तिघं ठरावाच्या बाजूचे होते, खालू अजून समुद्रावरच अडलेले. मोजदाद सरळ होती. सना म्हणाली, "ओके, लेट्स व्होट." आणि खालू उभे राहिले.

"अध्यक्ष महोदया, मला बोलायचंय."

"हाऊ लाँग, डॅड?"

"सिनेटमध्ये असं विचारत नाहीत," खालू म्हणाले, आणि बोलू लागले. सभासद उभा राहून बोलत असेल तोवर त्याला गप्प करता येत नाही; करायचं तर पाचातली तीन मतं लागतात, आपल्याकडे सहांत चार, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मग समुद्रावर बोलले. खाडीचा समुद्र आणि कोकणचा समुद्र ह्यांतल्या फरकावर बोलले. भजी थंड झाली. मग कोलंबीच्या खिचडीची कृती सांगू लागले आणि ती इतकी चुकीची सांगितली की खालाला राहवेना. "अहो, नारळाचं दूध शेवटी घालतात!" खालू तिच्याकडे वळून म्हणाले, "अजमानच्या सन्माननीय सभासदांच्या दुरुस्तीबद्दल आभारी आहे, पण बोलायची पाळी मी सोडत नाहीये." इकबालभाईंच्या शेजाऱ्यांचा डोळा लागला. शिक्षिकाबाईंनी पर्समधून तपासायचे पेपर काढले. त्यानंतर खालू पन्नास राज्यं आणि त्यांच्या राजधान्या घेऊ लागले. आता खालूंना साखरेचा त्रास आहे, आणि त्या त्रासात माणसाला दर थोड्या वेळानं कुठे जावं लागतं हे सर्वांना माहीत आहे. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते. "डॅड, डू यू नीड अ ब्रेक?" सनानं विचारलं. "अध्यक्षांनी सभासदाच्या पोटात लक्ष घालू नये," खालू कळवळून म्हणाले, आणि केन्टकीकडे वळले.

इकबालभाईंनी मग खालाकडे पाहिलं. "भाभी, एक हात वर करा फक्त. चार होतील. तुमची, आमची, ह्याची, सगळ्यांची सुटका."

मी खालाकडे पाहत होतो. तिला ती हिरवळ चालली असती. तिला काहीही चाललं असतं. पण समोर तिचा नवरा घामाघूम होऊन माँटानाच्या राजधानीपाशी उभा होता. तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले. "मी अजमानची आहे, भाईजान," ती म्हणाली.

इकबालभाई उठले. त्यांचा आवाज नेहमी मोठा असतो, तेव्हा नव्हता. "थट्टा म्हणून सुरू केलंस, मीही हसलो," ते खालूंना म्हणाले. "पण सगळ्यांनी वर्षातून एकदा एका ठिकाणी जेवायचं, एवढंच होतं ना रे मूळ? तुझी अमेरिका तुला लखलाभ. खलास." आणि चपला घालून निघून गेले. खालू जिंकले होते. ते आधी बाथरूमकडे धावले, आणि बाहेर आले तेव्हा हॉलमध्ये टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. खाला होती. "तिथे चारचौघांत तुमची अब्रू राखली," ती म्हणाली. "आता बसा आणि ऐका." त्या निकालावर कुठेही अपील नव्हतं.

त्या हिवाळ्यात पिकनिक झाली नाही. आम्हां सगळ्यांच्या आठवणीत पहिल्यांदाच. लोकांनी आपापल्या घरी खिचड्या केल्या. दुपारचा फोनही बंद झाला. ऑफिसं जवळ असल्यामुळे मी कधी कधी खालूंबरोबर जेवायला बसायचो. ते डबा उघडायचे, फोनकडे बघायचे, डबा झाकायचे. मी काही बोलणार एवढ्यात म्हणायचे, "सुट्टी आहे सभेला. तिथेही लांबलांब सुट्ट्या असतात." इकबालभाईंना आपण फोन करावा असं त्यांना सुचत नसेल असं नाही. पण जो माणूस केन्टकीची राजधानी न अडखळता सांगतो, त्याची दोन शब्द बोलायला जीभ रेटत नव्हती.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. त्याच इत्तिहादच्या कोंडीत, शारजा संपून दुबई लागते तिथे, मी त्यांना सांगितलं, "खालू, इकबालभाई जाणार म्हणतात. कायमचे. नोकरी संपली, मुलगा म्हणाला आता गावी या. पुढच्या महिन्यात."

मागच्यानं हॉर्न दिला, पण खालूंचा हात खिडकीबाहेर गेला नाही. त्या दिवशी मला तो रस्ता पहिल्यांदा लांब वाटला.

संध्याकाळी टीव्ही नेहमीसारखा सुरू होता. सिनेट नेहमीसारखी ओस. एक सभासद उठला, भराभर काहीतरी वाचलं, आणि म्हणाला की सर्वांच्या संमतीनं हे मंजूर व्हावं अशी माझी विनंती आहे. खुर्चीवरच्या बाईंनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं, म्हणाल्या, कुणाची हरकत नाही, मंजूर. मग दुसरं. मग तिसरं. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"काम चाललंय," खालू म्हणाले. "तिथलं बरंचसं काम असंच होतं. ना भाषण, ना मतमोजणी. एकानं विचारायचं, हरकत आहे का? कुणी बोललं नाही की झालं."

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? पिकनिकच्या वेळी?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "एकानं जरी हरकत घेतली तरी ते पडतं, बेटा. आणि हरकत घेणारा मीच होतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर त्यांनी गाडी घराकडे न वळवता कुसैसच्या गल्लीत घातली. मला म्हणाले, चल, तूही ये, साक्षीदार लागेल. इकबालभाईंच्या घरात खोकीच खोकी होती. ते स्वतः जमिनीवर बसून एकाला चिकटपट्टी लावत होते. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा पट्टी लावू लागले. बस म्हणाले नाहीत. खालू खोक्यांच्या मध्ये ताठ उभे राहिले आणि घसा साफ केला. मला वाटलं आता हा माणूस माफी मागेल. पण खालू ते खालू.

"दुबईचे सन्माननीय सभासद, माझे परममित्र," ते म्हणाले. "एक ठराव सर्वांच्या संमतीनं मंजूर व्हावा अशी विनंती आहे. तू जायच्या आत सगळ्या एकवीस घरांनी एकदा एकत्र जेवावं. जागा तू म्हणशील ती. बाग म्हणालास तर बाग. तो हमरस्त्याचा तुकडा म्हणालास तर तो. कुणाची हरकत?"

खोलीत फक्त चिकटपट्टीचा फर्रर आवाज झाला आणि थांबला.

"हरकत आहे," इकबालभाई म्हणाले.

खालूंचा चेहरा पार उतरला. मी दाराकडे बघू लागलो.

"बागेत काय आहे? दर वर्षी तेच," इकबालभाई पट्टी दातानं तोडत म्हणाले. "समुद्र म्हणत होतास ना? मग समुद्रावर जाऊ. इतकं उभं राहून बोललास, ऐकणाऱ्यांनी काहीतरी ऐकलं असेल की नाही? आणि बस आता खाली, साखरवाला माणूस तू." मग आत तोंड करून आपल्या मोठ्या आवाजात ओरडले, "चहा आणा गं! बिनसाखरेचा एक!"

आम्ही उम्म अल कुवैनला गेलो तेव्हा समुद्रावर जायचे दिवस उलटून गेले होते. वाळूवर पाय ठेवला की माणूस उडी मारत होता. एकवीसच्या एकवीस घरं आली. विमानतळावरचे गृहस्थसुद्धा ड्युटी बदलून आले. खिचडी निवतच नव्हती. "कुणाच्या डोक्यातून आली ही जागा?" असं इकबालभाई दर थोड्या वेळानं सर्वांना ऐकू जाईल असं विचारत होते, आणि खालू प्रत्येक वेळी हात वर करत होते. रस्सीखेच झाली नाही, कुणाच्यात तेवढा जीव नव्हता. ऊन कलल्यावर ते दोघं पँटी दुमडून पाण्यात पाय सोडून बसले, आणि मी सरबत घेऊन त्यांच्यापाशी गेलो.

"गावी जाऊन काय करणार?" खालू विचारत होते.

"काय करायचंय? झोपेन. मासे खाईन. ग्रामपंचायतीची निवडणूक येतेय, मत देईन. नाव घातलंय पोरानं यादीत." मग त्यांनी खालूंना ढोपरानं ढोसलं. "तू किती वेळा दिलंस रे मत? एवढा मोठा सिनेटर तू."

"एकदाही नाही," खालू म्हणाले. "आपण आलो तेव्हा मी वीस वर्षांचा. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. इकडे आलो आणि काही वर्षांनी तिकडे ते अठरा केलं." ते हसले. "मग नाव घालू घालू म्हणत राहिलो. गावी जायचं ते जुलै-ऑगस्टला, सनाच्या शाळेच्या सुट्टीत. निवडणूक कधी एप्रिलात, कधी दिवाळीच्या आसपास. जमलंच नाही कधी. इथे तर आपण पाहुणे."

इकबालभाईंनी आपल्या हातातलं सरबत खालूंना दिलं, मग साखर आठवून परत घेतलं.

ते गेले त्याला आता बरेच महिने झाले. दुपारचा फोन पुन्हा सुरू झाला आहे. वेळांची ओढाताण आहे, पण डब्यात काय आहे हे अजून दोघांना कळावं लागतं. परवा संध्याकाळी खालूंच्या फोनवर एक फोटो आला. इकबालभाई गावच्या शाळेच्या आवारात उभे, पांढरा सदरा, तोंडभर हसू, आणि कॅमेऱ्यापुढे धरलेलं डाव्या हाताचं बोट. नखावरून कातडीवर उतरलेला शाईचा काळा ठिपका. खालूंनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की इकबालभाई बाहेर गेले आणि नुसतं बोट उरलं.

"किती दिवस राहते रे ही शाई?" त्यांनी मला विचारलं.

मी खालाकडे पाहिलं.

"मेहंदीपेक्षा जास्त टिकते म्हणतात," खाला भाजी निवडता निवडता म्हणाली. "नखाबरोबर वाढते, नखाबरोबर जाते."

"असं होय," खालू म्हणाले. मग त्यांनी आपला डावा हात दिव्याच्या उजेडात धरला, आणि पहिल्या बोटाचं ते स्वच्छ नख कितीतरी वेळ पाहत बसले.